नागपूर ते चिंचवड, २३ वर्षांच्या झेनमधून

आधी गाडी कुठली ते सांगतो. मारुती झेन एलएक्स, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली), ऑक्टोबर २००० ची, पांढरी, एकच मालक, ६१ हजार किलोमीटर. झेन आपल्याकडे १९९३ ला आली आणि २००६ ला बंद झाली, त्यानंतर झेन एस्टिलो म्हणून जी आली ती फक्त नावाने झेन, तिचा या गाडीशी काही संबंध नाही. मला हवी होती ती जुनी, बुटकी, गोल नाकाची, ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम इंजिनवाली. पुण्यात दीड वर्ष शोधली. मिळायच्या त्या एकतर सीएनजी मारून पिळून काढलेल्या नाहीतर कॉलेजच्या पोरांनी सायलेन्सर बदलून, गाडी खाली बसवून वगैरे घेतलेल्या. मग नागपूरची ही कळली आणि फोनवर तिच्या मालकांनी (मी त्यांना काकाच म्हणतो) पहिलंच वाक्य असं टाकलं की, "पेट्रोल टाकलं त्याची प्रत्येक एन्ट्री आहे माझ्याकडे, येऊन पाहून घ्या न." तिथंच माझं नव्वद टक्के ठरलं.

सोबत मामा. माझे सख्खे मामा, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आयुष्यभर इंजिनं उघडली त्यांनी. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन, दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा, आणि हिंगण्याला मामांचे एक जुने दोस्त निघाले. ते आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन गाडी बघून आले आणि फोनवर एवढंच म्हणाले, "या तुम्ही, गाडी घरातली आहे." म्हणून गुरुवारी, १४ डिसेंबर २०२३ ला, संध्याकाळी आझाद हिंद एक्सप्रेस पकडली.

शुक्रवार, नागपूर

सकाळी उतरलो तर थंडी चांगलीच. लॉज कुठंच मिळेना कारण हिवाळी अधिवेशन चालू, सगळं गाव आमदार, कार्यकर्ते आणि पोलिसांनी भरलेलं. मामांचे दोस्त (त्यांना मी अण्णा म्हणतो) स्टेशनवरच आले होते, म्हणाले लॉजचं काय घेऊन बसले, घरी चला. जाताना तर्री पोहे खाल्ले, तर्री इतकी तिखट की मामा दोन मिनिटं बोललेच नाहीत.

काकांचं घर प्रतापनगरला. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की काका आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. हे जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकानं करावं, कारण गरम इंजिन बरंच काही लपवतं. पोचल्यावर मामांनी आधी बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. मग किल्ली फिरवली, अर्ध्या सेकंदात सुरू, मागं धूर नाही, निळा नाही की काळा नाही, थंडीची थोडी वाफ तेवढी. ऑइलचं झाकण उघडून आतून बघितलं, साईसारखा पांढरा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय समजायचं, तसलं काही नाही. कूलंट हिरवं, गंजलेलं नाही. मग गाडी तशीच चालू ठेवून आम्ही चहा घेतला, म्हणजे रेडिएटरचा फॅन आपोआप लागतो का आणि बंद होतो का ते बघायला. लागला आणि बंद झाला. दोनदा.

६१ हजार खरे कशावरून, हा माझा प्रश्न होता. मीटर मागं फिरवणं काय अवघड नाही. मामांनी मला क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर दाखवलं, रेषा अजून शाबूत. स्टीअरिंग गुळगुळीत झालेलं नाही. ड्रायव्हर सीटची कडा बसलेली नाही, कारण माणूस रोज उतरताना तीच कडा घासतो. सगळ्या काचांवर बनवल्याच्या सालाची खूण असते, ती सगळ्यांवर जुळत होती, म्हणजे एकही काच फुटून बदललेली नाही. डिकीतला गालिचा उचलून खालचे स्पॉट वेल्ड बघितले, कंपनीचे एकसारखे गोल ठिपके, हातानं मारलेलं वेल्डिंग नाही. अण्णांनी लोहचुंबक आणलं होतं रुमालात गुंडाळून, ते दारांवरून आणि मडगार्डवरून फिरवलं. जिथं पुट्टी भरलेली असते तिथं ते चिकटत नाही. डाव्या मागच्या दाराखाली एका तळहाताएवढ्या जागेत पकड ढिली झाली आणि काकांनी आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं, "२०११. भाजीवाल्याचा ठेला लागला होता."

आणि मग ती वही. खरं तर तीन वह्या. साध्या दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेल्या. तारीख, रीडिंग, लिटर, पैसे, अ‍ॅव्हरेज. पहिल्या पानावर २००० चा पेट्रोलचा भाव वाचून मी आणि मामा एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटच्या कॉलममध्ये शेरा. "हॉर्न बसला, दुरुस्त." "रामटेक, चौघं, एसी लावून." "टायमिंग बेल्ट बदलला, ५२,३१०." हा शेरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो आणि लोक किलोमीटर झाले नाहीत म्हणून बदलत नाहीत, पण रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. काका शाळेत गणित शिकवायचे, ते मला नंतर कळलं. काही आश्चर्य वाटलं नाही.

गाडी विकायचं कारण डोळे. काचबिंदूचं निदान झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मुलगी बंगलोरला, तिला नकोय. काकू आतून म्हणाल्या, "उभी राहून राहून खराब होऊन जाईल, त्यापेक्षा कोणी चालवणारा घेऊन जाऊ दे." सीट कव्हर काकूंनी स्वतः शिवलेली, सुती, निळ्या चौकटीची. ती मी अजून बदलली नाहीत आणि बदलणारही नाही.

८५ हजार ठरले. घासाघीस मी केली नाही, मामांनी केली नाही. इतकी जपलेली गाडी असेल तर दोन-पाच हजारांसाठी भाव पाडणं मला पटत नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसी आधी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी दोनदा रिन्यू केलेली, तेव्हा ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालू होती. (रिन्यूअलची फी पूर्वी ६०० होती, १ एप्रिल २०२२ पासून ५००० झाली होती, जुनी गाडी घेताना आताची फी आधी बघून घ्या.) चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून बघितला, चलन काही बाकी नाही, पीयूसी ताजी. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, एनओसीसाठी २८, आणि एक साधी ताबा पावती जिच्यावर तारखेसोबत वेळही लिहिली, दुपारी १ वाजून २० मिनिटं. वेळ यासाठी की त्या मिनिटापासून गाडीचं जे काही होईल ती जबाबदारी माझी. काकांना हा मुद्दा फार आवडला. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस असतात, ते मी पुण्यात येऊन चौथ्या दिवशी केलं.

राहिले टायर. नक्षी भरपूर शिल्लक, दिसायला नवे, पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २२१५. म्हणजे २०१५ चा बावीसावा आठवडा, साडेआठ वर्षांचे, आणि वाकून बघितलं तर बारीक भेगा. मामा म्हणाले या टायरवर मी वर्ध्यापर्यंतसुद्धा येणार नाही. दुपारी चारही बदलले, व्हॉल्व्हसकट, स्टेपनीला जुन्यातला बरा ठेवला. संध्याकाळी काकांनी पुन्हा बोलावलं आणि शेजारी बसून एक चक्कर मारायला लावली, फुटाळा तलावापर्यंत, आणि सांगत होते, "सकाळी थंडीत दुसरा गियर एकदम नका टाकू, न्यूट्रलला एक क्षण थांबा, मग टाका. ती घेते बरोबर."

शनिवार, नागपूर ते मेहकर

सगळे म्हणत होते समृद्धीनं जा, शिर्डीपर्यंत झालेला आहे, सुसाट. तेव्हा तो खरं तर शिर्डीच्याही पुढं, भरवीरपर्यंत सुरू होता, सहाशे किलोमीटर. पण माझं आणि मामांचं आधीच ठरलं होतं की नाही. वर्षाला सरासरी अडीच-पावणेतीन हजार किलोमीटर चाललेली गाडी एकदम सरळसोट काँक्रीटवर पाच-सहा तास सलग पळवायची नाही, तिचं काय दुखतंय ते आपल्याला अजून माहीत नाही. आणि समृद्धीवर मध्येच बंद पडली तर गॅरेज कुठं? जुन्या रस्त्यावर दर वीस किलोमीटरला एक गाव, गावात एक मिस्त्री. म्हणून जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता, वर्धा, पुलगाव, धामणगाव, कारंजा, मेहकर, जालना. आणि तीन नियम: सत्तरच्या वर नाही, तासाला एकदा थांबून बॉनेट उघडायचं, अंधार पडल्यावर चालवायची नाही.

टाकी फुल केली, रीडिंग ६१,४१२, तिसऱ्या वहीत माझ्या अक्षरातली पहिली एन्ट्री. काकांचं अक्षर इतकं सुंदर की तिथं लिहायला मला धीर होईना.

सातला निघालो. धुकं होतं आणि दोन्हीकडं तूर उभी, पिवळी फुलं, मधे वेचणीला आलेला कापूस. पॉवर स्टीअरिंग नाही या मॉडेलला, पार्किंगला जड जाते पण एकदा चाललं की रस्ता हातात कळतो, बारीक खडासुद्धा. वजन साडेसातशे किलोच्या आसपास, त्यामुळं ६० हॉर्सपॉवर पुरून उरतात. तिसऱ्या गियरमध्ये ओव्हरटेक करताना ती जी उचल घेते ना, त्यासाठीच मी दीड वर्ष थांबलो होतो.

सेवाग्रामला पाऊण तास थांबलो. बापूकुटीत मामा बराच वेळ नुसते बसले, माती, बांबू आणि कौलं, इतकंच, गांधीजी १९३६ ला इथं राहायला आले. बाहेर येऊन मामा म्हणाले, "ह्याचा मेंटेनन्स बघ, दरवर्षी लिंपत असणार." वर्ध्यात गोरसपाक घेतला दोन डबे. पुलगाव मागं पडलं, वर्धा नदी ओलांडली, अमरावती जिल्हा लागला.

कारंजा लाडच्या अलीकडं मला वास आला. पेट्रोलचा, अगदी हलका. मी म्हणलं मामा वास येतोय का, ते म्हणाले मला दहा मिनिटांपासून येतोय, तू कधी बोलतोस ते बघत होतो. बाजूला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं. फिल्टरकडून इंजिनाकडं जाणारा जो रबरी पाइप असतो त्याच्या क्लिपजवळ ओलं. गळती नाही, थेंब नाही, नुसता पाझर. पण गरम इंजिनाच्या इतक्या जवळ पाझरसुद्धा चालत नाही. कारण अंदाज करण्यासारखं होतं, पाइप मूळचा असणार, म्हणजे २३ वर्षांचा, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय ते जुन्या रबराला मानवत नाही. उभ्या असलेल्या गाडीला हे कळत नाही, चार तास सलग चालल्यावर कळतं. वह्यांमध्ये सगळं होतं, हा पाइप नव्हता. काकांची यात चूक अशी मी म्हणणार नाही, कुणीच बदलत नाही तो.

क्लिप जरा मागं सरकवून आवळली, पाझर थांबला, तसेच हळूहळू कारंज्यात शिरलो. पहिल्या दुकानात लगेच पाइप मिळाला, मीटरवर कापून देत होता, स्वस्तात. मामांनी हातात घेतला, दाबला आणि परत दिला. हा कार्ब्युरेटरच्या गाडीचा. एमपीएफआयमध्ये टाकीतला पंप पेट्रोल प्रेशरनं पाठवतो, त्याला हाय प्रेशरचा, आत जाळी विणलेला पाइप लागतो, साधा लावला तर फुगून फाटेल आणि ते धावत्या गाडीत होईल. दुकानदार म्हणत होता सगळे हाच लावतात. मामा म्हणाले लावत असतील. मग तीन दुकानं फिरलो, चौथ्यानं सांगितलं बसस्टँडमागं एक मिस्त्री आहे, मारुतीच करतो. साठीचा माणूस, गाडी बघितल्याबरोबर फडक्यानं हात पुसत बाहेर आला, "काहून आणली बाप्पा नागपूरची झेन इथं?" त्याच्याकडं मारुती ८०० एमपीएफआयचा नवा पाइप होता, माप जुळत होतं. आधी सिस्टीममधलं प्रेशर काढलं, बॅटरी काढली, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. वीस मिनिटं चालू ठेवून कोरड्या कागदानं पुसून पुसून तपासलं. पैसे सांगितले साडेचारशे, पाइपसकट. मी पाचशे दिले तर पन्नास परत केले आणि म्हणाला, "रिटर्न लाइनचा बी पाइप तेवढाच जुना आहे, पुण्यात गेल्यावर बदलून घेजा." (रिटर्न लाइन म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी.) वहीत लिहिलं: फ्युएल पाइप बदलला, कारंजा.

यात अडीच तास गेले, पण त्याचं वाईट वाटलं नाही. समृद्धीवर असतो तर मला विचार करवत नाही.

कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिरात पाच मिनिटं डोकं टेकवून आलो. मग शेलूबाजार, मालेगाव, डोणगाव. दिवस मावळता मावळता मेहकर. लॉजवर सामान टाकलं, पेट्रोल भरलं, ३३८ किलोमीटरला १८.६ लिटर. काकांना फोन केला, पाइपचं सांगितलं. पलीकडं थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, "तो माझ्या लक्षातच नाही आला हो." त्यांना वाईट वाटलं ते मला जाणवलं, म्हणून मी अ‍ॅव्हरेज सांगितलं, १८.१७. "एसी नव्हता न लावला?" नव्हता. "मग बरोबर आहे."

रविवार, मेहकर ते संभाजीनगर

आजचा दिवस फिरायचा. सकाळी बालाजीचं दर्शन, मग सुलतानपूरवरून लोणारला वळलो. सरोवराच्या काठावर उभं राहिलं की शब्द कमी पडतात, उल्का आदळून बसाल्टच्या खडकात झालेला एवढा मोठा वाडगा, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद, आणि खाली खारं हिरवं पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, मीठ सोसणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळं. पार्किंगमध्ये एका कुटुंबानं झेनसोबत फोटो काढले, त्यातले आजोबा दार उघडून-लावून बघत होते, त्या आवाजासाठी.

मग दुसरबीड, सिंदखेडराजा. जिजाऊंचा जन्म इथला, लखुजीराव जाधवांचा वाडा, दरवाजाच बघत राहावा असा. बारा जानेवारीच्या जयंतीची तयारी इतक्यातच सुरू झालेली दिसली. तिथं पिठलं-भाकरी खाल्ली आणि पुढं जालन्यापर्यंत मामांनी चालवली. पहिल्यांदाच स्टीअरिंग घेतलं त्यांनी. आयुष्यभर मोठ्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, या एवढ्याशा गाडीत इतका हलका हात, मला वाटलं इंजिनाला कळतच नसेल गियर कधी बदलला.

जालन्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास रखडलो, माझी नजर टेम्परेचरच्या काट्यावर, तो अर्ध्याच्या वर गेला नाही. संभाजीनगरला आत्येबहिणीकडं मुक्काम. रिटर्न पाइप हातानं चाचपून बघितला, कोरडा.

सोमवार, संभाजीनगर ते चिंचवड

या दिवसात सांगण्यासारखं कमी आणि चालवण्यासारखं जास्त. कायगावला गोदावरी ओलांडताना मामांनी सवयीनं हात जोडले. नेवासा फाट्यापासून पुढं उसाच्या ट्रॉल्या, गळीत हंगाम भरात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि मागं लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरसुद्धा नाही. अंधारात या रस्त्यावर यायचं नाही हा नियम किती बरोबर होता ते इथं कळलं. इमामपूरचा घाट तिसऱ्या गियरमध्ये, एकदाही दुसरा टाकावा लागला नाही, मी मोठ्यानं "वा" म्हणलो आणि मामांनी डॅशबोर्डवर दोन बोटांनी टिचकी मारली, शाबासकी दिल्यासारखी.

नगरला जेवण, सुप्याच्या पुढं रसवंतीवर दोन ग्लास रस. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, आणि मग वाघोली. वाघोलीबद्दल पुणेकरांना काय सांगायचं. क्लचवर पाय ठेवून ठेवून मांडी भरून आली, गाडीला मात्र काही नाही. साडेपाचला चिंचवडला सोसायटीच्या गेटातून आत. बायको ओवाळायला ताट घेऊन खाली आली होती, पोरीनं आधी मागच्या सीटवर उडी मारली आणि खिडकीचं हँडल फिरवायला लागली, तिनं असलं हँडल आधी बघितलंच नव्हतं. चारही काचा खाली-वर, खाली-वर, वीस मिनिटं.

मंगळवारी सकाळी पंपावर गेलो. २२.८ लिटर, रीडिंग ६२,१८२. एकूण ७७० किलोमीटर, ४१.४ लिटर, १८.६. वहीचं ते पान फोटो काढून काकांना पाठवलं. त्यांना मोबाइलवर बारीक दिसत नाही, म्हणून काकूंनी वाचून दाखवलं आणि लगेच फोन आला. शेरा कॉलममध्ये मी फक्त "पुणे" लिहिलं होतं. काका म्हणाले, "सोबत कोण होतं तेही लिहीत जा. मी लिहायचो."

लिहिलं. "मामा."